‘प’च्या जागी बसलेला ‘ह’

जपानी हिरागाना लिपीत आज 46 मूळ अक्षरं चालतात. त्यांतल्या एकाच अक्षरावर अख्खं पुस्तक, तेही मराठीत आणि तेही परभणीत बसून लिहिलेलं, हे ऐकून कुणाला हसू आलं तर त्यात त्याची चूक नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. आता मध्येच जपान कुठून आला, असं मित्रांनी विचारलंच. पुस्तकभर त्याचंच उत्तर आहे. इथे त्यातलं वाचकाला आधी माहीत असावं एवढं सांगतो.

अक्षर आहे ‘ह’. त्याची जपानी रूपं आतल्या पानांवर मोठी करून छापली आहेत. या प्रस्तावनेत मात्र मी त्याला देवनागरीतच लिहितो. हिरागानातला ‘ह’ तीन फटक्यांत होतो: डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक आडवी, आणि तिला छेदत खाली येऊन गाठ मारणारी दुसरी उभी. काताकाना या दुसऱ्या जपानी लिपीत तोच ‘ह’ म्हणजे वरून खाली फाकत गेलेल्या दोन तिरप्या रेघा, बस. या दोन्ही जपानी लिप्यांत आपल्यासारखी काना-मात्रांची सोय नाही. ‘क’ आणि ‘कि’ यांच्या आकारांत काहीही साम्य नसतं. बाराखडीतलं प्रत्येक घर वेगळं पाठ करावं लागतं. शिकणाऱ्याचा पहिला महिना त्यातच जातो.

पाठांतर आटोपलं की पुढचा धडा येतो तो दोन बारक्या रेघांचा. अक्षराच्या उजव्या खांद्यावर या रेघा मारल्या की ‘क’चा ‘ग’ होतो, ‘त’चा ‘द’ होतो, ‘स’चा ‘ज़’ होतो. मराठी शाळेत वर्णमाला घोकलेल्या मुलाला हे सांगावंही लागत नाही. वर्गातलं पहिलं अक्षर कठोर, तिसरं मृदू. रेघा मारल्या की पहिल्याचं तिसरं होतं. मग ‘ह’ येतो. त्यावर रेघा मारल्या की काय व्हावं? होतो ‘ब’. आणि रेघांऐवजी एक बारकं वर्तुळ काढलं की ‘प’.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे ‘हे लक्षात ठेवा’ असं म्हणून पुढे जातात. पण ‘ह’ कंठातला, ‘ब’ ओठांतला. एकाचा दुसरा व्हायचं कारण काय? ज्याच्या कानात ‘प फ ब भ म’ मुरलेलं आहे त्याला हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही, आणि उत्तराच्या अर्ध्या वाटेवर तो आपोआप पोचलेला असतो. ‘ब’ हा ‘प’चाच मृदू भाऊ. तेव्हा ज्या अक्षराला रेघा मारल्यावर ‘ब’ होतो, ते अक्षर मुळात ‘प’ असलं पाहिजे.

ते होतंच. आणि त्याचा पुरावा जपानी वर्णांच्या तक्त्यात उघडा पडलेला आहे. हा तक्ता ‘गोजूओन’ नावाने ओळखला जातो, म्हणजे पन्नास ध्वनींचा तक्ता. स्वर असे: अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी अशा: क, स, त, न, ह, म, य, र, व. एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘क’पासून निघून त-न, मग ह-म, मग य-र-व. आपली वर्णमाला जपानला जे ध्वनी लागत नाहीत ते गाळून मांडली की हाच क्रम उरतो. च-वर्गाच्या जागी ‘स’ आहे, कारण जुन्या जपानीत तो बहुधा ‘च़’च्या जवळ उच्चारला जाई. आणि ‘न’ व ‘म’ यांच्या मध्ये, जिथे ‘प’ बसायचा, तिथे ‘ह’ बसला आहे. आपल्याकडे ‘ह’ पार मागे, श-ष-सच्याही नंतर येतो. जपान्यांना तो मागे ठेवायला कुणी अडवलं नव्हतं. त्यांनी त्याला ओठांच्या रांगेत ठेवला, कारण तक्ता मांडला गेला तेव्हा तो ओठांचाच ध्वनी होता. पिकं नातू घेतो आणि सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचंच असतं, तशातला हा प्रकार.

हा क्रम तिथे पोचला तो बौद्ध भिक्षूंबरोबर. दक्षिण भारतातून निघालेला बोधिसेन 736 साली जपानला पोचला आणि 752 मध्ये नारा इथल्या तोदाईजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. पुढे कूकाई हा जपानी भिक्षू 804 मध्ये चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकला आणि 806 मध्ये परतला. मंत्र आणि धारणी नीट उच्चारता याव्यात म्हणून जपानी मठांत संस्कृत वर्णमालेचा जो अभ्यास सुरू झाला त्याला ‘शित्तान’ म्हणतात. शित्तान म्हणजे ‘सिद्धम्’. वर्णमालेच्या आरंभी हा मंगल शब्द लिहीत, म्हणून त्या लिपीलाच ते नाव पडलं. आपल्याकडे जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर पहिल्या दिवशी ‘ॐ नमः सिद्धम्’ गिरवीत, आणि त्यातूनच मराठीला ‘ओनामा’ मिळाला. परभणीच्या पोराचा ओनामा आणि क्योतोच्या भिक्षूचं शित्तान यांच्या डोक्यावर एकच शब्द होता.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीपासून असे ध्वनितक्ते जपानी हस्तलिखितांत दिसू लागतात. आजचा पक्का क्रम बसायला पुढे बराच काळ गेला. सामान्य माणूस मात्र कित्येक शतकं दुसऱ्याच क्रमाने अक्षरं शिकत होता. एका बौद्ध आशयाच्या पद्यात प्रत्येक अक्षर नेमकं एकदा येतं, आणि ते पद्य घोकलं की लिपी पाठ. पद्याची सुरुवात ‘इ-रो-हा’ अशी, म्हणून क्रमाचं नाव ‘इरोहा’. आपलं अक्षर त्यात तिसरं. परंपरा हे पद्य कूकाईच्या नावावर टाकते, अभ्यासक ते मानत नाहीत. पद्य चतुर आहे, पण ध्वनीचं शास्त्र त्यात नाही. शास्त्र हवं तर पन्नासांच्या तक्त्याकडेच यावं लागतं, आणि हे मी केवळ अभिमानापोटी म्हणत नाही.

आता अक्षराच्या जन्माकडे. हिरागानाची सगळी अक्षरं चिनी चिन्हं घाईघाईने, वळणदार लिहिता लिहिता झिजून तयार झाली. आपला ‘ह’ ज्या चिन्हातून आला त्याचा चिनी अर्थ ‘लाट’. त्या अर्थाशी जपान्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना हवा होता फक्त त्याचा ध्वनी, आणि तो होता ‘प’. हेच चिन्ह चिनी भाषांतरकारांनी संस्कृत शब्दांतला ‘पा’ लिहायलाही वापरलं. चिनी भिक्षू युआन च्वांग, जो सातव्या शतकात राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रातून फिरून गेला आणि इथल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला, त्याने परत गेल्यावर 649 मध्ये प्रज्ञापारमिताहृदयसूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्यात ‘पारमिता’ या शब्दातला ‘पा’ याच लाटेच्या चिन्हाने लिहिलेला आहे. जपानी मठांत ते सूत्र रोज म्हटलं जातं. आज त्याचा जपानी उच्चार काय होतो? ‘हान्न्या हारामिता’. प्रज्ञा आणि पारमिता, दोन्हींच्या तोंडचा ‘प’ गेला आणि ‘ह’ आला. परभणीच्या बुद्धविहारांत दहा पारमिता ज्याने ऐकल्या आहेत त्याला या दोन शब्दांपुढे आणखी पुरावा कशाला हवा? तरी भाषाशास्त्राला हवा असतो, म्हणून पुढे जाऊ.

‘प’ एकदम ‘ह’ झाला नाही. मध्ये एक मुक्काम होता: दोन्ही ओठ जवळ आणून, पण न मिटता, नुसता वारा सोडायचा. फुंकर घालताना होतात तसे ओठ. जपानीत ‘फ़ू’ म्हणताना आजही हाच ध्वनी निघतो. फुजी पर्वतातला ‘फु’ तोच. मराठी माणसाला हा मुक्काम अनोळखी नाही. ‘फळ’, ‘फूल’ म्हणताना आपल्यातले किती जण ओठ खरोखर मिटतात ते आरशासमोर उभं राहून पाहावं. शुद्धलेखनात ‘फ’ महाप्राण आहे, तोंडात तो कधीच सैल झाला.

जपानीत ‘ह’ या मधल्या मुक्कामावर होता याचा सगळ्यात गमतीचा दाखला म्हणजे एक कोडं. 1516 सालच्या, गो-नारा सम्राटाच्या नावावरच्या संग्रहात ते आहे. आशय असा: आईशी दोनदा गाठ पडते, बापाशी एकदाही नाही, ओळखा मी कोण. उत्तर आहे ओठ. आजच्या जपानीत आई म्हणजे ‘हाहा’ आणि बाप म्हणजे ‘चिचि’. आज ‘हाहा’ म्हणताना ओठांची गाठ कुठेच पडत नाही, म्हणजे कोडंच फसतं. ‘फाफा’सारखं काही म्हणून पाहा, दोनदा पडते.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा आहे, गोव्याचा. 1582 मध्ये नागासाकीहून चार जपानी तरुण जेझुइट पाद्र्यांबरोबर युरोपला निघाले. पोपला भेटून परतताना ते 1587 मध्ये गोव्यात उतरले. त्यांच्यातल्या मार्तिनोने 4 जून 1587 रोजी गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात लॅटिन भाषेत भाषण केलं, आणि ते 1588 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्याचं आडनाव हारा. पुस्तिकेवर छापलं आहे ‘फारा’. भारताच्या भूमीवर आपल्या अक्षराची ही अगदी जुनी छापील खूण, आणि ती ‘ह’ची नसून ‘फ़’ची आहे. याच मंडळींबरोबर 1590 मध्ये छापखाना जपानला पोचला. त्या परंपरेत 1603 साली नागासाकीत जपानी-पोर्तुगीज कोश निघाला. सुमारे 32,000 शब्दांच्या या कोशात आज ‘ह’ने सुरू होणारे शब्द ‘फ़’च्या रोमन अक्षराखाली सापडतात. ‘प’ दाखवणारं ते वर्तुळही याच छापखान्याच्या 1598 सालच्या ‘राकुयोशू’ या कोशात पद्धतशीर वापरलेलं दिसतं.

इथे एक शंका रास्त आहे. पोर्तुगीजमध्ये रोमन ‘एच’ मुका असतो. मग पाद्र्यांना ‘ह’ ऐकूच येत नसेल, म्हणून त्यांनी जवळचं अक्षर ठोकून दिलं असेल, असं का नसावं? याला उत्तर गोव्याच्या मराठीतच आहे. याच जेझुइट संघाचा फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला, आणि त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात मराठीतला ‘ह’ सरळ ‘एच’ने लिहिलेला आहे. म्हणजे त्याच संघाचे लोक, त्याच काळात, मराठी ‘ह’ला ‘एच’ लावत होते आणि जपानी ‘हारा’ला ‘एफ’. लिपीची अडचण असती तर दोन्हीकडे झाली असती. जपानी विद्वानांत उएदा काझुतोशी याने 1898 मध्ये हा जुना ‘प’ पद्धतशीर मांडला. त्याचं लिखाण मोलाचं आहेच. पण दक्षिणेकडच्या मियाको बेटांवर फुलाला आजही ‘हाना’ नव्हे, ‘पाना’ म्हणतात, हे ऐकलं की वाद उरत नाही.

हे सगळं कळल्यावर मला जपानपेक्षा परभणीच जास्त दिसू लागली, म्हणून पुस्तकाचा दुसरा भाग इथला आहे.

परभणीला सापडलेला एक ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. शके 888, म्हणजे इसवी सन 966 मधला. वेमुलवाडच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या अरिकेसरीने जैन आचार्य सोमदेवसूरी यांना दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. सोमदेवसूरी म्हणजे ‘यशस्तिलक’ आणि ‘नीतिवाक्यामृत’ लिहिणारे. याच घराण्यातल्या दुसऱ्या अरिकेसरीच्या पदरी कन्नडचा आदिकवी पंप होता. त्याचं ‘विक्रमार्जुनविजय’ 941 च्या सुमाराचं. आज वेमुलवाड तेलंगणात, पंप कर्नाटकाचा आणि ताम्रपट सापडला तो आमच्याकडे. तेव्हा हा मुलूख एकच होता आणि त्यात तीन भाषा शेजारी नांदत होत्या.

पंपाच्या कन्नडमध्ये दुधाला ‘पाल्’, वाघाला ‘पुलि’. दहाव्या शतकापासून कन्नड शिलालेखांत शब्दारंभीच्या ‘प’च्या जागी ‘ह’ डोकावू लागतो, आणि चारेकशे वर्षांत बाजी मारतो. आजच्या कन्नडमध्ये दूध ‘हालु’, वाघ ‘हुलि’. शेजारची तेलुगू मात्र ‘पालु’ आणि ‘पुलि’ला चिकटून राहिली. परभणीहून परळी, उदगीर, बिदरमार्गे सिकंदराबादला जाणारा माणूस शेवटच्या टप्प्यात लिंगमपल्लीवरून जातो. तोच बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलाकडे गेला तर त्याला मारतहळ्ळी भेटते. पल्ली आणि हळ्ळी हे एकच गाव. एकाने ‘प’ ठेवला, दुसऱ्याने सोडला. जपानला जे झालं तेच आमच्या दाराशी झालं. दोघांची एकमेकांशी गाठभेट नव्हती. माणसाचे ओठ सगळीकडे सारखेच आळशी, एवढाच त्याचा अर्थ.

‘ह’ची तिसरी तऱ्हा आपल्या मराठीतच आहे. जपानी शिकणारा पहिल्याच दिवशी ‘कोन्निचिवा’ हा नमस्कार म्हणायला शिकतो आणि लिहायला गेला की अडखळतो, कारण शेवटचा ‘वा’ लिहायचा असतो ‘ह’ या अक्षराने. तो विषय दाखवणारा प्रत्यय आहे. आपल्या ‘तर’सारखा शब्दाच्या मागे लागतो. शब्दाच्या आरंभी ‘प’चा ‘ह’ झाला, पण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘प’चा ‘व’ झाला. जपानीत हे साधारण हजार वर्षांपूर्वी घडलं. मराठीत त्याहून आधी: दीपचा दिवा, कच्छपचा कासव, गोपालचा गवळी. प्रत्यय नेहमी कुठल्या ना कुठल्या शब्दाच्या मागेच येतो, तेव्हा त्याचा ‘प’ कायम मध्येच अडकलेला. म्हणून तो ‘वा’. 1946 च्या लेखनसुधारणेत इतर शब्दांतले असे ‘ह’ बदलून ‘व’ लिहायचं ठरलं, या एका प्रत्ययाला तेवढं जुनं लेखन ठेवलं. हा निर्णय मला पटतो. सगळंच उच्चारानुसार केलं असतं तर भाषेच्या वाटचालीची एवढी ठळक खूण रोजच्या ‘राम राम’मधून पुसली गेली असती. मराठीतल्या शुद्धलेखनाच्या भांडणांत दोन्ही बाजूंनी हा दाखला वापरता येईल. मी कोणत्या बाजूचा ते आतल्या पाचव्या प्रकरणात आलं आहे.

हे पुस्तक कुणासाठी? जपानी भाषेच्या परीक्षेसाठी पुण्याला जाणारी मराठवाड्यातली मुलं दिसतात. कुणाला कारखान्यात जायचं आहे, कुणाला तिथल्या वृद्धांच्या सेवेत. परीक्षेत ‘ह’चा इतिहास विचारत नाहीत. पण ‘इकेबाना’तला ‘बाना’ म्हणजे ‘हाना’च, किंवा माणसाला ‘हितो’ आणि माणसांना ‘हितोबितो’ का, हे एकदा उमगलं की पाठांतराचं ओझं निम्म्याने उतरतं. आणि ज्यांना जपानला जायचंच नाही त्यांनीही वाचावं. आपली वर्णमाला ही तोंडातल्या जागांचा नकाशा आहे, हे शाळेत सांगतात. तो नकाशा परक्या भाषेत हजार वर्षं कसा उपयोगी पडला हे सहसा कुणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यापासूनच आरंभ करा. परभणी काताकानात लिहायला चार अक्षरं लागतात: पा, रु, बा, नि. ‘भ’ आणि ‘ण’ जपानीत नाहीत, तिथे तडजोड करावी लागते. त्या चारांतली दोन आपल्या याच अक्षराची: ‘पा’ म्हणजे वर्तुळाचा ‘ह’, ‘बा’ म्हणजे रेघांचा ‘ह’. जिल्ह्यात तालुके नऊ. परभणी, पाथरी, पालम, पूर्णा आणि सोनपेठ या पाचांना ‘ह’च्या ओळीतलं, वर्तुळ घातलेलं अक्षर लागतंच, गंगाखेड, जिंतूर, मानवत, सेलू यांचं त्यावाचून भागतं. पुस्तकाच्या शेवटी कोरे चौकोन दिले आहेत. पुस्तक वाचायला घेण्याआधी तिथे आपल्या गावाचं नाव लिहून बघा, आणि कुठे अडलात ते मला जरूर कळवा.